जादूची नळी नको, बाटली आणि घड्याळ घ्या



जिल्ह्याच्या बैठकीत भाव, कर्ज आणि वीजबिल सोडून इंजिनाच्या पट्ट्यावर आणि विहिरीतल्या फुटबॉलवर काय बोलायचे, असे काही जणांच्या मनात येईल. येऊ द्या. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आपण वर्षानुवर्षे गावोगाव एक गोष्ट सांगत आलो. शेतकरी गरीब आहे तो आळशी, अडाणी किंवा उधळ्या आहे म्हणून नव्हे. त्याने पिकवलेल्या मालाचा खर्च भरून निघेल असा भाव त्याच्या हाती पडू दिला जात नाही, म्हणून. त्यामुळे कोणी साहेब बांधावर येऊन "डिझेल जपून वापरा, देशाचे परकीय चलन वाचवा" असे सांगू लागला की आपल्या कपाळाला आठी पडते. पडायलाच पाहिजे. ज्याच्या पोटाला चिमटा बसला आहे त्याला उपासाचे महत्त्व पटवून देण्यासारखाच तो प्रकार आहे.

पण काटकसरीचा उपदेश वेगळा आणि आपल्या घरातली चोरी पकडणे वेगळे. बाजारात आपल्याला मापात मारले तर आपण भांडतो. कापसाच्या काट्यावर किलोभर मारले तर काट्यासमोर बसकण मारतो. मग तेच माप आपल्या विहिरीवर, आपल्याच पाइपात, रोज मारले जात असेल तर ते पाहायचे नाही का? ही चोरी कोणी माणूस करत नाही. अडलेला फुटबॉल, बारीक पाइप, सैल पट्टा आणि थंडगार इंजिन ती करतात. चोर घरचा आहे म्हणून त्याला मोकळा सोडावा, असे कोणत्याही विचारात बसत नाही.

डिझेलचा भार कोणावर?

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलचा दर नियंत्रणातून काढला. २०२४ साली महाराष्ट्रात लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. त्या रकमेत केंद्राचे उत्पादन शुल्क आहे, राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. हौसेने मोटार पळवणारा आणि रात्री थंडीत कुडकुडत गव्हाला पाणी भरणारा, दोघांना दर एकच.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. ज्याच्या विहिरीपर्यंत खांब पोचला आहे त्याची गोष्ट निराळी. ज्याचा कनेक्शनचा अर्ज पडून आहे, जो नदीच्या डोहातून किंवा शेततळ्यातून पाणी उचलतो, ज्याची डीपी ऐन पाळीच्या वेळी जळते, त्याच्या इंजिनाला त्या घोषणेतून एक थेंब मिळाला नाही. बहुतेक करून हाच शेतकरी कोरडवाहू पट्ट्यातला आणि थोड्या जमिनीचा असतो. ज्याचे ओलित सर्वांत महाग, त्याच्याच वाट्याला मदत सर्वांत कमी. म्हणून इंजिनाचा विषय हा फिटरचा विषय आहे असे म्हणून तो टाळता येत नाही.

कोणी म्हणेल, आता सौर पंप येत आहेत, इंजिने जाणार. जेव्हा जातील तेव्हा जातील. आज फवारणीचा पंप, पॉवर टिलर, मळणी यंत्र हे सगळे इंजिनावरच आहे. आणि सौर पंप आला तरी पाइप तोच राहणार. बारीक पाइपातून पाणी ढकलायला सूर्यालाही जास्त ताकद लागते. तेव्हा खाली जे सांगतो आहे त्यातले निम्मे तरी सौर पंपवाल्यालाही कामाचे आहे.

जादूच्या वस्तू

डिझेल महागले की बाजारात जादूगार येतात. कोणी इंधनाच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक विकतो. कोणी टाकीत टाकायची गोळी आणतो. कोणी पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारी बरणी बॅटरीला जोडून दाखवतो. बुडबुडे येतात, लोक माना डोलावतात, आणि "तीस टक्के बचत" असे सांगून पैसे घेऊन माणूस पुढच्या आठवडी बाजाराला निघून जातो.

हायड्रोजनच्या बरणीचा हिशेब आपण मातीवर काडीने मांडू शकतो. इंजिनात जाळलेल्या डिझेलमधली शंभर भाग ताकद धरा. लहान इंजिन त्यातले पंचवीस भाग चाकावर देते, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून जाते. त्या पंचवीस भागांवर डायनॅमो फिरवला तर विजेचे पंधरा भाग पदरात पडतील. त्या विजेने पाणी फोडले तर हायड्रोजनचे नऊ भाग. म्हणजे शंभर रुपये देऊन नऊ रुपये परत आणायचे, आणि त्याला बचत म्हणायचे! असा व्यवहार व्यापाऱ्याने आपल्याशी केला असता तर आपण त्याच्या दुकानासमोर धरणे धरले असते.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशा वस्तूंचे पेव फुटले. तिथल्या सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून जास्त वस्तू तपासल्या. किंचित का होईना फायदा दिसला अशा फारच थोड्या निघाल्या. आपल्याच देशात १९९६ साली तमिळनाडूतल्या रामर पिल्ले यांनी वनस्पतींच्या पाल्यापासून पेट्रोल करून दाखवतो म्हणून देशभर गाजावाजा केला. मोठमोठे लोक भुलले. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. शिकलेले लोक फसतात तिथे आपण फसलो तर लाज वाटायचे कारण नाही. पण फसवणुकीवर उपाय आपल्या हातात असून तो न वापरणे मात्र परवडणारे नाही.

तो उपाय म्हणजे माप.

बाटलीचे माप

मी कृषी पदवीधर आहे. गव्हाला किती पाळ्या लागतात, कोणत्या अवस्थेत पाणी चुकवू नये, एका पाळीला किती सेंटिमीटर पाणी बसते, हे सगळे आम्हाला चार वर्षे घोटून घोटून शिकवले. पण तेवढे पाणी विहिरीतून वर आणायला किती मिलिलिटर डिझेल लागते, हे एकाही तासाला कोणी शिकवले नाही. पिकाचे शास्त्र वहीत राहिले आणि खर्चाचे शास्त्र शेतकऱ्याच्या कपाळी.

ते शास्त्र अवघड नाही. लागतात तीन गोष्टी. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, दोनशे लिटरचा पिंप आणि सेकंदाचा काटा असलेले घड्याळ. मोबाईलमधले घड्याळही चालेल.

बाटलीवर शंभर शंभर मिलिलिटरच्या खुणा करा. औषधाच्या मापाने पाणी ओतून खुणा अचूक करता येतात. नंतर बाटली कोरडी करा. टाकीची नळी काढून ती या बाटलीला जोडा आणि बाटली टाकीच्याच उंचीवर बांधा. जोडणी इंजिन बंद असताना करा, नळीतली हवा काढा, जवळ विडी-काडी नको. इंजिन वीस मिनिटे चालू द्या, तापू द्या. मग शंभर मिलिलिटर डिझेल किती मिनिटांत संपते ते पाहा. त्याच वेळी पाइपाचे तोंड पिंपात धरून पिंप किती सेकंदांत भरतो ते पाहा. तीनदा करा, तिन्हीची सरासरी काढा.

एक नमुना मांडून दाखवतो. समजा पिंप पंचवीस सेकंदांत भरतो. म्हणजे सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर पाणी. समजा शंभर मिलिलिटर डिझेल सहा मिनिटांत संपते. म्हणजे तासाला एक लिटर. तर तुमच्या इंजिनाचा आकडा झाला: लिटरमागे २८,८०० लिटर पाणी. हा आकडा कोळशाने इंजिनघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. गायीचे दूध जसे तोंडपाठ असते तसा हा आकडा तोंडपाठ पाहिजे.

आता हा आकडा चांगला की वाईट? एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी ताकद असते. त्या सगळ्या ताकदीने पाणी दहा मीटर उचलले असते तर साडेतीन लाख लिटरांहून जास्त निघाले असते. तसे कधी होत नाही. इंजिन पाऊण भाग ताकद उष्णतेत घालवणारच, तो निसर्गाचा कायदा आहे. पण चांगल्या स्थितीतले इंजिन आणि चांगला पंप मिळून शंभरातले पंधरा भाग पाण्याला देऊ शकतात. म्हणजे दहा मीटर उंचीला लिटरमागे पन्नास हजार लिटरांच्या पुढे. आपल्या नमुन्यातले इंजिन शंभरातले आठच भाग देते आहे. निसर्गाचा कायदा सोडून जे सात भाग जातात ते परत आणता येतात. त्यासाठी जादू लागत नाही, पाना लागतो.

चार घरगुती दुरुस्त्या

पहिली दुरुस्ती पाण्याच्या वाटेची. ओढणीच्या पाइपाच्या तळाशी जो फूट व्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्याची जाळी हाताने तपासा. जाळीच्या सगळ्या भोकांचे क्षेत्र मिळून पाइपाच्या तोंडाच्या निदान दुप्पट तरी पाहिजे. स्वस्तातल्या फुटबॉलला भोके बारीक असतात, त्यात शेवाळ बसते, आणि इंजिन पाण्याऐवजी जाळीशी कुस्ती खेळते. मोठ्या जाळीचा फुटबॉल लावा आणि दर पाळीला जाळी साफ करा.

पाइपाचेही तसेच. तेवढेच पाणी अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइपातून नेले तर घर्षण साठ टक्क्यांनी उतरते. हे शाळेतल्या पोराला पटणार नाही, पण घर्षण पाइपाच्या रुंदीच्या पाचव्या घाताने बदलते, असा हिशेब आहे. काटकोनी एल्बो काढून मोठ्या वळणाचा बाक लावा. आणि पाइपाचे तोंड दांडाच्या वर कमरेइतके उंच धरून पाणी धबधब्यासारखे पाडण्याची जी हौस आहे ती सोडून द्या. दहा मीटरच्या उचलीत एक मीटर वायफळ उंची म्हणजे दहा टक्के काम फुकट. पाणी दिमाखात पडते, पण तो दिमाख डिझेलचा असतो. तोंड दांडाच्या पातळीला आणा.

अहमदाबादच्या सहकारी व्यवस्थापन संस्थेतले एस. एम. पटेल यांनी गुजरातेत शेतीपंपांच्या मोजण्या केल्या तेव्हा त्यांनाही हेच आढळले होते. मोटारी आणि इंजिने बदलण्याच्या आधी फुटबॉल आणि पाइप बदला, मोठा वाटा तिथेच आहे, हे त्यांच्या कामाचे सार.

दुसरी दुरुस्ती वेगाची. बरेच जण इंजिन पूर्ण वेगात पळवतात. आवाज मोठा आला की काम जास्त होते असे वाटते. पंपाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी ताकद साधारण पाव भागाने उतरते. पाणी मात्र त्या मानाने थोडेच घटते. उचल जास्त असेल तर पाणी जरा जास्त घटेल, म्हणून बाटली लावून दोन-तीन वेगांवर मोजा आणि लिटरमागे सर्वांत जास्त पाणी देणारा वेग पकडा. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाला आणखी एक वाट आहे. इंजिनाची पुली एक नंबर मोठी घातली की इंजिन हळू चालते आणि पंप आपल्या नेमक्या वेगाने फिरतो. मोठे इंजिन आणि लहान पंप अशी जोडी असेल तर ही दुरुस्ती सर्वांत फायद्याची. इंजिन ओढायला लागून काळा धूर सोडू लागले तर समजा की पुली फार मोठी झाली.

तिसरी दुरुस्ती इंजिनाच्या तापमानाची. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला आपण पंपातूनच एक नळी काढून विहिरीचे थंडगार पाणी सोडतो. पलीकडून पाणी कोमटसुद्धा न होता बाहेर पडते आणि आपल्याला बरे वाटते की इंजिन तापत नाही. वास्तविक डिझेल इंजिनाला गारठा मानवत नाही. सिलिंडर थंड राहिला तर डिझेल पुरते जळत नाही, तेल घट्ट राहून घर्षण वाढते आणि आतल्या भिंतीवर आम्ल साचून लायनर लवकर झिजतो. बाहेर पडणारे पाणी साठ ते सत्तर अंश सेल्सिअस पाहिजे. म्हणजे त्यात बोट बुडवले तर ताबडतोब काढून घ्यावे लागेल इतके गरम.

त्यासाठी सोपा उपाय म्हणजे थंड पाण्याच्या नळीवर एक कॉक बसवून तो हळूहळू कमी करणे. कॉक पूर्ण बंद होणार नाही असा अटकाव मात्र ठेवा, नाहीतर वाचवलेल्या डिझेलपेक्षा पिस्टन महाग पडेल. त्याहून चांगला उपाय पिंपाचा. दोनशे लिटरचा पिंप इंजिनापेक्षा जरा उंच ठेवा. पिंपाच्या तळातून एक नळी इंजिनाच्या खालच्या तोंडाला, इंजिनाच्या वरच्या तोंडातून दुसरी नळी पिंपाच्या वरच्या बाजूला. गरम पाणी आपोआप वर चढते, थंड खाली येते, पंप लागत नाही. एकच पथ्य, वरची नळी पिंपात जिथे शिरते ते भोक कायम पाण्याखाली पाहिजे. भोक उघडे पडले की फेरा थांबला आणि इंजिन तापले. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला यातले काही लागू नाही. त्याच्या पात्यांवरची माती तेवढी झाडा.

१९९० च्या दशकाच्या अखेरीला उत्तर बंगालच्या तराईत नेदरलँडच्या मदतीने चाललेल्या एका विकास प्रकल्पात पाच अश्वशक्तीच्या इंजिनांवर याच दुरुस्त्या करून पाहिल्या. वेग उतरवला, इंजिन गरम ठेवले, पाण्याच्या वाटेतला व्हॉल्व्हचा अडथळा काढला आणि पंपात पाणी भरायला साधा हातपंप वापरला. डिझेलच्या खर्चात मोठी घट झाली. नवे यंत्र कुठलेच नव्हते. तिथले पाणी उथळ आहे, आपल्याकडे विहिरी खोल आहेत, म्हणून तिथला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. रीत मात्र लागू होते.

चौथी दुरुस्ती गळतीची. सैल पट्टा घसरतो तेव्हा तो गरम होतो आणि रबराचा वास येतो. तो वास डिझेलचाच आहे असे समजा. इंजिनाची आणि पंपाची पुली सुतळी धरून एका रेषेत आणा. हवेची जाळी भुशाने बंद झाली की काळा धूर येतो. नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब डिझेल गळत असेल तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून तासाला १८० मिलिलिटर गेले. थेंबे थेंबे तळे साचते तसे ते आटतेही.

फवारणीच्या लहान पेट्रोल इंजिनाबद्दल दोन शब्द. तिथे बचत कार्बोरेटरमध्ये शोधू नका. नॉझल झिजले की औषध आणि पेट्रोल दोन्ही जास्त जाते. आधी नॉझल बदला. दोन फेऱ्यांच्या इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलात कसर केली तर पिस्टन धरतो. पेट्रोल कमी जावे म्हणून जेट बारीक करणारे मिस्त्री आहेत. मिश्रण फार पातळ झाले की इंजिन तापते आणि हंगामाच्या मध्यात बसते.

जिवाशी खेळ नको

तीन गोष्टी करायच्या नाहीत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे नाही. रॉकेलला वंगणाचा गुण कमी असतो आणि इंधनाचा पंप त्यामुळे झिजतो. इंधनाच्या पंपाचे सील आपल्या हाताने तोडायचे नाही. ते काम त्याच्या जाणकाराचे. आणि पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवून चालवायचे नाही. धुरातला विषारी वायू विहिरीत साचतो, त्याला वास नसतो, आणि आत उतरलेला माणूस वर येत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. ओढणीचा पंप व्यवहारात सहा-सात मीटरहून खोल पाणी ओढत नाही हे खरे. तेव्हा पंप खाली ठेवा, इंजिन वर, मध्ये लांब पट्टा. त्या पट्ट्याला जाळी लावा. धोतराचा सोगा आणि पदर दोन्ही पट्ट्यात जातात.

हिशेब किती, हक्क किती

आता पदरात काय पडते? नमुन्यातल्या इंजिनाचे डिझेल दुरुस्तीनंतर एक लिटरऐवजी तासाला ८०० मिलिलिटर झाले आणि पाणी तेवढेच राहिले असे धरू. आकडा २८,८०० वरून ३६,००० वर गेला. एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. आधी त्याला सात लिटर डिझेल लागत होते, आता साडेपाचाच्या जरा वर लागेल. पाळीमागे एकरी १.४ लिटर वाचले. तीन एकर गव्हाला सहा पाळ्या धरल्या तर पंचवीस लिटर. नव्वदच्या दराने सव्वादोन हजार रुपये.

सव्वादोन हजारांनी कर्ज फिटणार नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो पुन्हा काटकसरीचा उपदेशच करतो आहे. पण त्यात फुटबॉल, बाक आणि कॉक यांचा खर्च बहुधा निघतो, आणि पुढच्या वर्षापासून ते पैसे घरात राहतात. ते कोणाच्या उपकाराचे नसतात.

त्याहून मोठी कमाई वेगळी आहे. कृषी मूल्य आयोग १९६५ पासून आपल्या मालाचा खर्च मांडतो. त्याच्या कोष्टकात ओलिताचा खर्च कसा आणि किती धरला जातो यावर आपण भांडतो, पण भांडताना आपल्या हातात आपला आकडा नसतो. दर क्विंटल गव्हामागे किती लिटर डिझेल गेले, हे शंभर गावांतल्या इंजिनघरांच्या भिंतींवर लिहिलेले असेल, आणि इंजिने चांगल्या स्थितीत ठेवूनही ते इतके जाते असे दिसेल, तर "शेतकरी उधळ्या आहे" असे म्हणायला कोणाला तोंड राहणार नाही. आपल्या बाजूची चोरी बंद केलेल्या माणसाने मागितलेला हिशेब नाकारणे अवघड असते.

अनुदानाची वाट पाहू नका, असे मी सांगतो त्यालाही कारण आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने लाकूडवायूवर चालणारे पंपसंच मोठ्या अनुदानावर वाटले. तंत्र खोटे नव्हते. लाकडाचा वायू इंजिनात घेऊन डिझेल बरेच वाचवता येते. पण अनुदानात इंजिन मिळते म्हणून अनेकांनी संच घेतला, इंजिन डिझेलवर चालवले आणि वायूची भट्टी गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. वस्तू फुकटात आली, पण तिचा हिशेब कोणी शेतकऱ्याच्या हातात दिला नाही. ज्याचा हिशेब आपल्या हातात नाही ते तंत्र आपले होत नाही.

सरकारकडे मागायचे ते यंत्र नव्हे, मोकळीक. इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाची नक्कल करून राजकोटच्या छोट्या कारखानदारांनी ती गावोगाव पोचवली आणि गावचा मिस्त्रीही ती उघडून जोडू शकला, म्हणून ती टिकली. आज यंत्र उघडले की हमी संपली असे सांगणाऱ्या कंपन्या आहेत. केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला आणि त्यात शेतीच्या अवजारांचाही समावेश केला. तो कागदावर राहता कामा नये. पंप किती उचलीला किती पाणी देतो आणि इंजिन कोणत्या वेगाला किती डिझेल खाते, याचा तक्ता प्रत्येक यंत्रासोबत मराठीत मिळाला पाहिजे. सुट्या भागांचे दर जाहीर पाहिजेत. आणि शेतीच्या डिझेलवरचा कर हा ओलितावरचा कर आहे, तो गेला पाहिजे.

पुढच्या बैठकीचे काम

प्रत्येक गावाच्या शाखेने पाच इंजिने निवडावीत. बाटली लावून आकडा काढावा. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा आकडा काढावा. दोन दुरुस्त्या एकदम केल्या तर कोणती उपयोगी पडली ते कळत नाही. जिथे फायदा झाला नाही तोही आकडा लिहावा, लपवू नये. नोंदीची वही मायबहिणींकडे द्यावी. रात्री दारे धरायला त्या उभ्या असतात आणि डिझेलसाठी घरातला पैसा कधी आटला हे त्यांना सर्वांच्या आधी कळते.

गावात चुंबक किंवा बरणी विकणारा आला तर त्याला हाकलू नका. बसायला सतरंजी द्या, चहा द्या आणि त्याच्यासमोर बाटली ठेवा. आधी त्याच्या वस्तूशिवाय तीनदा मोजा, मग वस्तू लावून तीनदा मोजा. आकडा वाढला तर वस्तू घ्या, आणि आम्हालाही कळवा. नाही वाढला तर तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

पाच इंजिनांच्या आकड्यांचा कागद घेऊन बैठकीला या. भाषणे कमी करू आणि कागद वाचू.